साताऱ्यातला हा शुगरचा दवाखाना: फॉर्मवरच्या एका ओळीबद्दल

पाचपैकी साडेचार तारे. अर्धा का कापला ते पुढे येईलच.

मी रहिमतपूरकडचा. मोटार रिवायंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटारीची तार नव्यानं गुंडाळायचं दुकान आहे, १९९८ साली टाकलेलं. वय ५१. शुगर निघून बारा वर्षं झाली. या दवाखान्यात गेल्या श्रावणापासून येतोय, आतापर्यंत आठ खेपा झाल्या. इथं आधी लोकांनी लिहिलेलं सगळं वाचून काढलं. पायाची जखम भरली, डोळ्यांची तपासणी वेळेवर झाली, इन्सुलिन टोचायला नीट शिकवलं, हे सगळं त्यात आहे आणि ते खरंच आहे. पण मला इथं ज्या दुखण्यात गुण आला, त्याबद्दल एकानंही लिहिलेलं नाही. म्हणून मी लिहितो. नाव घातलेलं नाही, कारण माझी मुलगी कॉलेजात आहे आणि गाव लहान आहे. बाकी सगळं जसं झालं तसं आहे.

माझं दुखणं असं, की शरीरसंबंधाच्या वेळी ताठरता येत नव्हती. आली तर टिकत नव्हती.

एकदम झालं नाही ते. आधी पहाटेची ताठरता गेली, म्हणजे झोपेतून उठताना पुरुषाला आपोआप असते ती. मी लक्ष दिलं नाही. मग मध्येच ढिलं पडायला लागलं. मग मनातच धास्ती बसली, की आजही तसंच होणार, आणि तसंच व्हायचं. माझ्या धंद्याला रात्र-दिवस नाही. शेतीची लाइट बरेचदा रात्रीची असते. रात्री साडेअकराला थ्री फेज आली की बाराला कुणाचा तरी फोन येतो, मोटार उचलत नाही, वास येतोय. ते कारण मला आयतंच मिळालं. फोन आला की घरातल्यांची झोपमोड नको म्हणून मी पडवीत बाज टाकली. दोन वर्षं तिथं झोपलो. ही काही बोलली नाही, मीही बोललो नाही.

त्याआधी दहा वर्षं जिथं शुगरचं औषध घेत होतो, तिथल्या डॉक्टरांबद्दल माझी तक्रार नाही. बाहेर पन्नास माणसं बसलेली असायची. उपाशीपोटीची किती, जेवल्यावरची किती, गोळ्या त्याच चालू ठेवा. त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. मुतारीच्या भिंतीवरची जाहिरात मात्र मी वाचली, आणि एका लॉजवर महिन्यातून दोनदा येणाऱ्या माणसाकडे गेलो. त्यानं नाडी धरली, जवानीत काय चुका केल्या ते विचारलं, आणि मला एक शब्द वापरला, तो मी इथं लिहिणार नाही. सात हजार रुपये घेतले. चूर्णाचा डबा दिला आणि प्लॅस्टिकच्या पुडीत तीस कॅप्सूल. कॅप्सूल घेतल्यावर थोडा फरक पडला, पण डोकं ठणकायचं, तोंड तापायचं, नाक चोंदायचं. मला वाटलं औषध लागू पडतंय.

ती उरलेली पुडी मी इथल्या डॉक्टरांना दाखवली. त्यांनी उलटीसुलटी करून बघितली. कशावर काही लिहिलेलं नाही, कुणी बनवलं, काय घातलं, काहीच नाही. म्हणाले, "दादा, डोकं ठणकणं, तोंड तापणं, नाक चोंदणं ही सगळी लक्षणं सिल्डेनाफिलची, म्हणजे ताठरतेसाठी देतात त्या गोळीची आहेत. जडीबुटीच्या नावाखाली तीच गोळी कुटून भरतात. किती भरली, कुणालाच माहीत नाही." या दुखण्यावर औषधाची अशी जाहिरात करायलाच १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे, हेही मला त्यांच्याकडूनच कळलं. त्यांनी विचारलं, बीपीची गोळी चालू असताना हे घेत होता? मी हो म्हटलं. ते थोडा वेळ गप्प बसले. त्यांच्या त्या गप्प बसण्यानं मी जास्त घाबरलो.

आता फॉर्मचं सांगतो.

पहिल्यांदा आलो की इथं चार पानी मराठी फॉर्म देतात. पायाला मुंग्या येतात का, रात्री लघवीला किती वेळा उठता, नजर धूसर होते का, तंबाखू, मिश्री, दारू. तिसऱ्या पानावर दातांच्या आणि झोपेच्या प्रश्नांच्या मध्ये एक ओळ आहे: शरीरसंबंधाच्या वेळी ताठरता येण्यात किंवा टिकण्यात अडचण येते का? पुढे तीन चौकोन. होय. नाही. डॉक्टरांशी बोलायचं आहे.

मी ती ओळ पाच-सहा वेळा वाचली असेल. बारा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मला हे विचारत होतं, आणि दात किडलेत का हे ज्या आवाजात विचारतात त्याच आवाजात. मी तिसऱ्या चौकोनात खूण केली. आत गेल्यावर डॉक्टरांनी फॉर्म चाळला, त्या पानावर थांबले, दार लोटून घेतलं आणि म्हणाले, "हे कधीपासून आहे?" एवढंच. त्यांना आधीच सगळं माहीत असल्यासारखं. मला सांगायला पाच मिनिटं लागली, त्यात दोन मिनिटं मी नुसताच बसून होतो. त्यांनी घाई केली नाही.

ते म्हणाले, शुगर असलेल्या पुरुषांत निम्म्यांहून जास्त जणांना हे कमी-अधिक असतं. जगभरच्या १४५ अभ्यासांचा २०१७ साली एकत्र हिशेब मांडला, तर आकडा ५२.५ टक्के आला. शुगर नसलेल्यांपेक्षा हे दहा-पंधरा वर्षं आधी गाठतं. आणि भारतात शुगरवाले १० कोटींच्या वर आहेत. मी मनातल्या मनात माझ्या दुकानात येणारी माणसं मोजली. चहाच्या टपरीवर बसणारी, कारखान्यावरची, भजनी मंडळातली. एकही कधी बोललेला नाही.

मग त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. माझा धंदा त्यांनी विचारलाच होता, त्यामुळे मला समजेल असं सांगत गेले, आणि निम्मं मीच पुरं केलं. लिंगात दोन बाजूंना स्पंजासारख्या नळ्या असतात. मनात इच्छा आली की मेंदूकडून नसांमधून निरोप जातो, हे झालं वायरिंग. नसांच्या टोकाला आणि रक्तवाहिनीच्या अस्तरात नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू तयार होतो. तो स्नायू सैल सोडतो, रक्त आत येतं, स्पंज फुगतो. आणि फुगलेला स्पंज बाहेर जाणाऱ्या शिरा दाबून धरतो, म्हणून आलेलं रक्त आतच राहतं. मी म्हणालो, हा तर फूटव्हॉल्व्ह झाला. विहिरीतल्या पाइपाच्या तळाशी असतो तो. तो गळत असेल तर मोटार कितीही चांगली असू दे, पाणी पाइपात उभं राहत नाही. ते हसले, म्हणाले अगदी तेच.

शुगर यातलं काय बिघडवते? सगळंच. बारीक नसा मारते, म्हणजे निरोप पोचत नाही. माझ्या पायांची बधिरताही त्यातलीच होती. रक्तवाहिनीचं अस्तर खरवडते, म्हणजे तो वायू पुरेसा बनत नाही. रक्तवाहिन्या अरुंद करते. स्पंजाचा मऊपणा कमी करते, म्हणजे व्हॉल्व्ह नीट बसत नाही. वायंडिंग एका रात्रीत जळलेलं दिसतं, पण खरं तर वर्षानुवर्षं कमी-जास्त व्होल्टेजवर तापून तारेवरचं इन्सुलेशन आधीच गेलेलं असतं. माझी तीन महिन्यांच्या सरासरीची साखर, ज्याला एचबीएवनसी म्हणतात, ती ९.८ निघाली. म्हणजे कित्येक वर्षं मी तापत होतो.

त्यानंतर त्यांनी जे सांगितलं ते मी घरी जाऊन वहीत लिहून ठेवलं. लिंगाच्या रक्तवाहिन्या एक-दोन मिलिमीटरच्या. हृदयाच्या तीन-चार मिलिमीटरच्या. गाळ सगळीकडे सारखाच साठतो, पण बारीक नळी आधी बंद पडते. ठिबकचं रान असलेल्या कुणालाही हे सांगायला नको: क्षार आधी ड्रिपरमध्ये धरतो, मेन लाइन चालूच दिसते. म्हणून काही जणांत हे दुखणं हृदयाच्या दुखण्याच्या दोन-तीन वर्षं आधी दिसतं. त्यांनी विचारलं, दोन मजले न थांबता चढता का? मी म्हटलं चढतो, पण हल्ली दम लागतो. त्यावर गोळी लिहून द्यायच्या आधी त्यांनी मला हृदयाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. ईसीजी झाला, पट्ट्यावर चालवून तपासणी झाली. निघालं काही नाही, पण कोलेस्टेरॉलची गोळी चालू झाली. ज्यानं आल्या पावली ताकदीची गोळी हातात दिली असती, त्याच्याकडे हे झालं नसतं.

पहिल्या दिवशी झालेल्या बाकीच्या गोष्टी भराभर सांगतो. पायाला प्लॅस्टिकची बारीक तार टेकवून कळतंय का बघितलं, ट्यूनिंग फोर्क लावला. पाच प्रश्नांचा एक छोटा कागद भरून घेतला. पंचवीसपैकी गुण असतात, २२ किंवा त्याहून जास्त असले तर ठीक, मला ९ मिळाले. सकाळी आठच्या आत टेस्टोस्टेरॉनसाठी रक्त द्यायला सांगितलं, कारण सकाळी तो सर्वांत जास्त असतो आणि दुपारचं रक्त फसवतं. माझा खालच्या कडेला पण ठीक निघाला, दुसऱ्यांदा तपासला तरी तेवढाच. शुगरवाल्या बऱ्याच जणांचा कमी निघतो आणि मग त्याचे वेगळे उपचार असतात. माझी बीपीची जुनी गोळीही बदलली, त्या जातीच्या काही गोळ्यांनी ताठरता कमी होते म्हणून. पण हे वाचून आपल्या मनानं बीपीची गोळी बंद करू नका. मला बदलून दिली, बंद केली नाही.

आणि त्यांनी मला तपासलं. पडदा ओढून, ग्लोव्ह घालून, दोन मिनिटांत. माझी पुढची कातडी मागे सरकताना दुखायची, भेगा पडायच्या, खाज यायची. ते मी वेगळंच दुखणं समजून पावडर लावत होतो. शुगर लघवीतून बाहेर काढणाऱ्या एका जातीच्या गोळ्या असतात, त्यातली एक मला सहा महिने चालू होती. त्यानं तिथं बुरशी धरू शकते. मलम दिलं, रोज कोमट पाण्यानं धुवून कोरडं करायला सांगितलं, गोळी बदलली. तीन आठवड्यांत गेलं. दोन वर्षांतलं निम्मं दुखणं त्या कातडीचं होतं, हे आता कळतं. दुखतंय म्हटल्यावर इच्छा कुठून होणार?

गोळीबद्दल नीट लिहितो, कारण याबाबत चुकीचंच जास्त ऐकायला मिळतं.

मला आधी सिल्डेनाफिल ५० मिलिग्रॅम दिली. साधी जेनेरिक, चार गोळ्यांची पट्टी. ही मुळात छातीत दुखण्यावरचं औषध म्हणून फायझर कंपनी तपासत होती, आणि घेणाऱ्यांनी हा वेगळाच परिणाम सांगितला. अमेरिकेत मार्च १९९८ मध्ये मंजुरी मिळाली. ताठरतेचा निरोप देणारं द्रव्य शरीरात मोडून टाकणारा एक घटक असतो, त्याला ही गोळी अडवते. म्हणजे निरोप असेल तर तो जास्त वेळ टिकतो. निरोपच नसेल तर गोळी काही करत नाही. हे मला पहिल्यांदा समजलं नव्हतं. मी गावच्या जत्रेच्या दुसऱ्या दिवशी मटणाचं जेवण करून गोळी घेतली आणि छताकडे बघत पडून राहिलो. काही झालं नाही. आता माझं कायमचंच गेलं असं समजून त्या रात्री पुन्हा पडवीत गेलो.

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी रागावून नाही, पण ठामपणे सांगितलं. तेलकट जेवणावर घेतली तर ती उशिरा आणि कमी लागू पडते. पोट हलकं हवं, तासभर आधी घ्यायची. आणि जवळीक लागते, स्पर्श लागतो. नीट पद्धतीनं सहा-आठ वेळा घेऊन बघितल्याशिवाय फेल म्हणायचं नाही. शुगरवाल्यांना ती इतरांपेक्षा कमीच लागू पडते, हेही त्यांनी लपवलं नाही. १९९९ साली छापलेल्या एका अभ्यासात शुगर असलेल्या ५६ टक्के पुरुषांना तिनं फरक पडला, आणि औषध न घातलेल्या खोट्या गोळीनं १० टक्क्यांना. म्हणजे शंभरातल्या चाळीस-पंचेचाळीस जणांना दुसरं काहीतरी बघावं लागतं, आणि त्यात त्या माणसाचा दोष नाही.

मला १०० मिलिग्रॅमवर फरक पडला, चौथ्या वेळी. पण माझी अडचण वेळेची. तासभर आधी गोळी घेतली आणि तेवढ्यात एखाद्याचा फोन आला की सगळंच राहून जायचं. हे सांगितल्यावर त्यांनी टाडालाफिल ५ मिलिग्रॅम रोज एक अशी करून दिली. ही शरीरात जास्त वेळ राहते, जेवणाचं एवढं बंधन नाही, घड्याळाकडे बघावं लागत नाही. पाच महिने झाले. दहापैकी सात वेळा नीट होतं. सुरुवातीला कंबर आणि पोटऱ्या दुखल्या, नंतर थांबलं.

यातली एक गोष्ट कृपा करून लक्षात ठेवा. ज्यांना छातीत दुखलं की जिभेखाली ठेवायची गोळी दिलेली आहे, सॉर्बिट्रेट म्हणतात ती किंवा त्या जातीतली कुठलीही, त्यांनी या दोन्ही गोळ्या घ्यायच्याच नाहीत. बीपी एकदम इतकं खाली जातं की माणूस जाऊ शकतो. आणि ज्यानं ही गोळी घेतलीय त्याच्या छातीत दुखायला लागलं, तर दवाखान्यात पहिल्यांदा हे सांगायचं, लाजायचं नाही. आमच्या शिवेला लागून शेत असलेले एक बुवा आहेत, वयानं माझ्याहून मोठे. माझ्याकडे ही गोळी आहे हे त्यांना कसं कळलं कोण जाणे, एक मागायला आले. खिशात त्यांची डबी होती, जिभेखालच्या गोळीची. मी दिली नाही. ते रागावले. मी त्यांना गाडीवर घालून इथं घेऊन आलो, आता त्यांचं वेगळं बघतायत. प्रोस्टेटच्या काही गोळ्यांबरोबरही जपून घ्यावी लागते. ताठरता चार तासांच्या वर उतरली नाही तर रात्र असो दिवस असो, मोठ्या हॉस्पिटलात जायचं. नजर अचानक गेली तरी तसंच.

गोळी लागू पडली नाही तर पुढे काय, तेही त्यांनी दाखवलं. टेबलाच्या खणात एक व्हॅक्यूम पंप होता. प्लॅस्टिकची नळी, हातानं ओढायचा पंप, आणि मुळाशी चढवायची रबरी रिंग. मी तो हातात घेतला. आयुष्यभर पंपच उघडत आलो. निर्वात झालं की रक्त आत ओढलं जातं, आणि रिंग ते परत जाऊ देत नाही. ज्याचा आतला व्हॉल्व्ह गळतो त्याला बाहेरून व्हॉल्व्ह बसवल्यासारखं. दाब ठरावीक हद्दीच्या पुढे जाऊ नये म्हणून त्यावर सोडायची सोय होती, ती मी दोनदा चालवून बघितली. मोबाइलवर स्वस्तात मिळणाऱ्या बऱ्याच पंपांना ती नसते, तसले घेऊ नका. रिंग अर्ध्या तासाच्या वर ठेवायची नाही. रक्त पातळ करायची औषधं असणाऱ्यांनी आधी विचारायचं. मला तो लागला नाही, पण लागला असता तर वापरला असता.

त्याच्याही पुढे लिंगात घ्यायचं इंजेक्शन असतं, ते घरी घ्यायला शिकवतात. सुई अगदी बारीक, इन्सुलिनची असते तशी. आणि शेवटी ऑपरेशन करून आत बसवायचा इम्प्लांट. मुंबईचे डॉ. रुपिन शहा यांनी आपल्याकडेच बनणारा, परवडेल असा इम्प्लांट तयार केला आहे. ती सोय या दवाखान्यात नाही, पुढे पाठवतात. मला हे ऐकूनच बरं वाटलं. पुढे रस्ता आहे हे कळलं की माणूस पहिल्या पायरीवर एवढा घाबरत नाही.

गोळीनं शुगर बरी होत नाही, म्हणून खरं काम दुसरीकडेच चालू होतं. तंबाखू सोडली. पंचवीस वर्षांची होती, दोनदा परत धरली, तिसऱ्यांदा सुटली. पहाटे कालव्याच्या रस्त्यानं चाळीस मिनिटं चालतो. वजन ८४ वरून ७७. एचबीएवनसी दहा महिन्यांत ९.८ वरून ७.१. मला घाई होती, पण त्यांनी हळूहळूच उतरवली. खूप दिवस चढलेली साखर एकदम खाली आणली तर डोळ्यांना त्रास होऊ शकतो. पहाटेची ताठरता आता आठवड्यातून एक-दोनदा असते. मेलेली नस सगळी परत येत नाही, हे त्यांनी पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं. मी तेवढ्यावर समाधानी आहे.

तिसऱ्या खेपेला ते म्हणाले, वहिनींना घेऊन या. मला ते नको होतं. ही मात्र ऐकल्याबरोबर तयार झाली. डॉक्टरांनी तिला विचारलं, तुम्हाला काय वाटत होतं? ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "मला वाटलं यांचं मन उडालं. कुठंतरी दुसरीकडे असेल." दोन वर्षं ती हे मनात घेऊन माझा डबा भरत होती. शुगरमुळं बायकोच्या मनाला काय होतं हे कुठल्या रिपोर्टात येत नाही. मी तिथंच रडलो. डॉक्टरांनी पाण्याचा ग्लास पुढे केला आणि चित्राचा तोच कागद काढून तिलाही सगळं समजावलं. तिची पाळी जाऊन दीड वर्ष झालं होतं, तिलाही संबंधाच्या वेळी कोरडेपणानं दुखत होतं. ती मला कधीच बोलली नव्हती, मी विचारलं नव्हतं. तिला इथल्याच बाईडॉक्टरांकडे दाखवलं, लावायची जेल दिली. येताना बसमध्ये आम्ही कोरेगाव येईपर्यंत काही बोललो नाही. कोरेगावच्या स्टँडवर तिनं दोन चहा घेतले, आणि रात्री पडवीतली बाज तिनं स्वतः उचलून माळ्यावर टाकली.

आता अर्धा तारा का कापला ते.

वाट फार बघावी लागते. दहाची वेळ दिलेली असते आणि आत जायला साडेबारा वाजतात. शुगरवाल्या माणसाला उपाशी बसवून अडीच तास ठेवणं बरोबर नाही. रक्त दिलेल्यांना आधी काहीतरी खाऊन यायला सांगत जा. दुसरं, काउंटरवरच्या ताई चांगल्या आहेत, पण "कशासाठी आलाय?" हे सगळ्यांच्या समोर मोठ्यानं विचारतात. पहिल्या दिवशी मी "पायासाठी" म्हणून सांगितलं. एखादा माणूस तिथूनच परत जाईल. तिसरं, खालच्या औषधाच्या दुकानात पोरगा गोळीचं नाव मोठ्यानं वाचतो आणि मागे उभ्या असलेल्यांकडे बघतो. मी डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी लिहूनही घेतलं, पण मागच्या खेपेला पुन्हा तसंच झालं. ज्या दवाखान्यात फॉर्मवर एवढी काळजी घेतली, तिथं शेवटच्या दहा पावलांत माणसाची मान खाली जायला नको.

पैशाचं म्हणाल तर पहिली फी ५००, पुढे ३००. माझ्या सगळ्या तपासण्या मिळून पहिल्या महिन्यात चार हजारांच्या आसपास गेले, पट्ट्यावरची तपासणी धरून नाही. लॉजवरच्या माणसाला दिलेल्या सात हजारांपेक्षा कमी.

येणाऱ्यांनी मंगळवारी या, गर्दी कमी असते. शनिवारी येऊ नका. जुने कागद सगळे आणा, आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं आणा, नुसती नावं नकोत. पाय तपासतात म्हणून सहज निघेल अशी चप्पल घाला. काउंटरवर "शुगरची तपासणी" एवढंच सांगा. फॉर्म भरताना घाई करू नका, चष्मा आणा. ती ओळ तिसऱ्या पानावर, वरून सातवी आहे.